‘प्युअर शिकारी’ पिल्लू घेण्याआधी त्याची आई बघा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

कारखान्यांची धुराडी पेटली की आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात उसाबरोबर आणखी एक हंगाम सुरू होतो, कुत्र्यांच्या पिल्लांचा. ‘कारवान, प्युअर शिकारी, आईबाप दोन्ही पळणारे, ससा सोडत नाहीत, आजच बुक करा’ असे फोटो मोबाइलच्या स्टेटसवर फिरू लागतात. कारवान म्हणजे शिकारीसाठी पाळली जाणारी सडपातळ, लांब पायांची देशी जात. फड तुटत शेवटच्या चार सऱ्यांवर आला की आत दडलेलं सगळं बाहेर निघतं, ससा, मुंगूस, कधी रानडुक्कर. त्यांच्यामागे कुत्री सोडायचा नाद इकडे जुना आहे. त्या नादापायी पिल्लू घेणारा आणि नुसत्या रुबाबापायी घेणारा, दोघंही एकाच पद्धतीने फसतात.

आधी कायद्याचं बोलू, कारण पुढची सगळी निवड त्यावर ठरते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार म्हणजे फक्त जनावर मारणं नव्हे. पकडणं, फासे लावणं, हाकून काढणं, कुत्री मागे सोडून पळवणं आणि यातलं काहीही करायचा प्रयत्न करणं, सगळं त्या व्याख्येत बसतं. ‘ससा घावलाच नाही, नुसतं पळवलं’ हा बचाव तिथे चालत नाही. कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे आणि त्यानुसार साध्या गुन्ह्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. मोर आणि घोरपड कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहेत, तिथे कैद किमान तीन वर्षं आणि कमाल सात. गुन्ह्यात वापरलेली गाडीही जप्त होते. मुधोळ संस्थानच्या घोरपडे घराण्याचं नाव ज्या प्राण्यावरून पडलं असं सांगतात, त्याच घोरपडीमागे आज मुधोळ हाउंड, म्हणजे कारवानच, सोडला तर मालक आत जाईल, हा जरा विचित्रच योग म्हणायचा.

कोल्हापूर संस्थानात चित्त्यांकडून काळविटाची शिकार होत असे, हा दाखला या विषयात कुणीतरी देतंच. ते खरं आहे. पण भारतातून चित्ता नामशेष झाल्याचं १९५२ मध्ये जाहीर झालं आणि ज्या दाजीपूरच्या रानात राजेलोक शिकारीला जात, ते १९५८ मध्ये अभयारण्य झालं. तेव्हा जाहिरातीसोबत सशाच्या शिकारीचा व्हिडिओ आला, तर विक्रेता स्वतःच गुन्ह्याचा पुरावा पाठवतो आहे असं समजा आणि तिथेच थांबा. जो कायद्याला जुमानत नाही, तो लसीच्या तारखेबाबत खरं बोलेल अशी आशा कशाला धरायची?

मग असा कुत्रा घ्यायचा कशाला? वस्तीवरच्या राखणीसाठी, मोकळ्या रानात पळवण्यासाठी, आणि एक देशी जात टिकावी म्हणून. या तिन्हींसाठी लागणारे गुण शिकारी कुत्र्याचेच आहेत: नजर, दम, पाय आणि न बिथरणारा स्वभाव. मात्र जात ओळखून घ्या. कारवान हा नजरेवर धावणारा कुत्रा आहे, वासावर माग काढणारा नव्हे. हलणारी वस्तू त्याला लांबून दिसते आणि दिसली की तो सुटतो. चोराचा माग काढेल म्हणून त्याला आणणाऱ्याची निराशाच होणार. रानडुकराच्या बंदोबस्तासाठी आणणं तर त्याहून वाईट. त्याची कातडी पातळ, अंगावर चरबी नावाला, डुकराच्या सुळ्याचा एक फटका पोट फाडायला पुरतो. पिकाचं नुकसान झालं तर वनखात्याकडे लगेच अर्ज करून पंचनामा करून घ्यावा, हा मार्ग संथ आहे पण आहे. राधानगरी-गगनबावड्याचा गवा आणि आजरा-चंदगडचा हत्ती यांच्यापुढे कुत्र्याचा विषयच येत नाही.

नावांचाही घोळ आहे. केनेल क्लब ऑफ इंडिया, म्हणजे आपण ज्याला केसीआय म्हणतो, ती संस्था या जातीची नोंद ‘कॅराव्हान हाउंड’ म्हणून करते. ‘मुधोळ हाउंड’ हे नाव बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळवरून आलं आणि २००५ मध्ये टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली त्यात हेच नाव आहे. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोनेही मुधोळ हाउंडची देशी जात म्हणून नोंद केली आहे. कान, शेपूट आणि पायांवर झुबकेदार केस असलेल्याला आपल्याकडे पश्मी म्हणतात. ही तीन वेगवेगळ्या किमतींची तीन वेगळी जनावरं आहेत असं कुणी पटवू लागलं, तर तो किंमत वाढवतोय एवढंच समजायचं. आठ आठवड्यांच्या पिल्लावर पश्मीची केसाळी पुरती उतरलेली नसते. तेव्हा ‘हा पश्मी होणार’ हे वाक्य फक्त आईबापांकडे बघूनच खरं-खोटं ठरतं.

खरी भेसळ ग्रेहाउंडची आहे. शर्यतीच्या वेगापायी कारवानवर ग्रेहाउंड घातला जातो आणि ते पिल्लू शुद्ध कारवान म्हणून विकलं जातं. पूर्ण वाढलेल्या आईबापांत हे ओळखता येतं. कारवानचे कान डोक्यालगत खाली लोंबतात, ग्रेहाउंडचे मागे दुमडून मानेला चिकटतात. कारवानच्या मांड्या लांब आणि सडपातळ असतात, ग्रेहाउंडच्या मांडीवर आणि पाठीवर मांसाचे गोळे दिसतात. कारवानची छाती कोपरापर्यंत खोल, पोट वर ओढलेलं, पंजा सशासारखा लांबट, शेपूट लांब आणि टोकाकडे निमुळतं. नर साधारण २७ ते २८ इंच, मादी २५ ते २६ इंच उंच. रंगाला फार महत्त्व देऊ नका. तांबूस, काळा, पट्टेरी, पांढरे ठिपके असलेला, सगळे या जातीत चालतात. ‘दुर्मीळ रंग’ हा विक्रीचा शब्द आहे, गुण नव्हे.

आता मुख्य मुद्दा. पिल्लू बघायला जाता तेव्हा पिल्लाकडे सगळ्यात शेवटी बघा. आधी त्याची आई बघा. आठ आठवड्यांचं कुठलंही पिल्लू गोंडसच दिसतं आणि ते मांडीवर आलं की बुद्धी गहाण पडते. आई बघण्याची वेळ सकाळची असावी, अचानक गेलात तर उत्तम. ती साखळीला आहे की मोकळी, अनोळखी माणूस आल्यावर कशी वागते, मालकाचा हात लागला की दबते का, हे नीट पाहा. कारवान परक्याच्या अंगाशी झोंबत नाही, लांब उभा राहून बघत राहतो, तो त्याचा स्वभावच आहे. पण कोपऱ्यात शिरून थरथरणं किंवा दात दाखवत अंगावर येणं हा स्वभाव नव्हे, दोष आहे. तो रक्तातून आणि सहवासातून, दोन्ही वाटांनी पिल्लात उतरतो.

‘आई आहे म्हणून’ दुसरीच कुत्री पुढे करण्याची युक्तीही चालते. तिच्या पोटाखाली बघा. आठ आठवड्यांपूर्वी व्यालेल्या कुत्रीची आचळं लोंबती, सैल असतात, पोटावर पिल्लांच्या नखांचे ओरखडेही दिसतात. सपाट पोट आणि बारीक आचळं असतील तर ती बहुधा त्यांची आई नाही. बाप समोर नसला तर बिघडत नाही. चांगला ब्रीडर, म्हणजे पैदास करणारा, बऱ्याचदा बाहेरचा नर लावतो, त्याचे फोटो आणि कागद दाखवतो. उलट एकाच घरात एकच जोडी आणि तिचीच वर्षानुवर्षं पिल्लं, तिथे भाऊ-बहीण जोडल्याची शंका घ्या. तीन पिढ्यांची नावं लिहून मागा. एकच नाव दोन्ही बाजूंना वारंवार आलं तर पिल्लांत बारीक खुरटेपणा, दातांचे दोष, उतरत नसलेली वृषणं असले प्रकार वाढतात.

कागदांबद्दल. कुत्र्यांच्या पैदास आणि विक्रीचे केंद्राचे नियम २०१७ पासून लागू आहेत. त्यानुसार पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते आणि प्रमाणपत्र जागेवर लावायचं असतं. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. मादी १८ महिन्यांची होण्याआधी आणि आठ वर्षांनंतर तिच्यावर नर घालायचा नाही, आणि आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेळा तिला व्यायला लावायचं नाही. आईचं वय आणि ती कितव्यांदा व्याली हे विचारलं की समोरच्याचा चेहराच बरंच सांगून जातो. ओळखीसाठीची मायक्रोचिप तांदळाच्या दाण्याएवढी असते, खांद्यांच्या मध्ये कातडीखाली बसवतात, तिचा पंधरा आकडी नंबर चिप वाचायच्या यंत्रावर, म्हणजे रीडरवर, दिसतो. कागदावरचा नंबर आणि रीडरवरचा नंबर तुमच्यासमोर जुळवून घ्या. ‘केसीआय पेपर नंतर पाठवतो’ म्हणजे बहुधा कधीच नाही. आणि केसीआयचा कागद वंशावळ सांगतो, तब्येत नव्हे, हेही विसरू नका.

आता वयाची लबाडी. यावर आम्ही मुद्दाम जास्त लिहितो आहोत, कारण सगळ्यात जास्त पिल्लं हिच्यापायी मरतात. कुत्रीचा गाभणकाळ सरासरी ६३ दिवसांचा. नर लावल्याची तारीख विचारा, त्यात ६३ मिळवा, जन्मतारीख चार-पाच दिवसांच्या फरकाने जुळायला हवी. मग तोंड उघडून बघा. आठ आठवड्यांच्या पिल्लाला २८ दुधाचे दात असतात. पुढचे सुळे सुईसारखे आलेत पण मागच्या दाढा अजून हिरडीतच आहेत, तर ते पिल्लू साठ दिवसांचं नाही, तीस-पस्तीस दिवसांचं आहे. विक्रेत्याला घाई का असते? चौथ्या आठवड्यापासून पिल्लांचं खाणं वाढतं, आणि एका वेळच्या सात-आठ पिल्लांना आणखी महिनाभर खाऊ घालणं, जंताचं औषध देणं, पहिली लस टोचणं यात त्याचा नफा कमी होतो. नुकसान मात्र घेणाऱ्याचं. या महिन्याभरात पिल्लू भावंडांशी खेळताना किती जोरात चावायचं हे शिकतं. एकाने जोरात चावलं की दुसरं केकाटतं आणि खेळ मोडतो, हाच त्याचा धडा. हा धडा चुकलेलं कारवान पिल्लू सहा महिन्यांचं झालं की घरातल्या पोरांचे हात फोडतं, आणि मग ‘शिकारी जात आहे, तिखटच असणार’ असं म्हणून त्याला कायमचं साखळीला बांधलं जातं.

लहान वयाचं पिल्लू न घेण्याचं दुसरं कारण आजाराचं. जन्मल्यावर पहिल्या दिवसाच्या चिकातून पिल्लाला आईची प्रतिकारशक्ती मिळते. ती सहाव्या आठवड्यापासून ओसरत जाते, कुणाची लवकर, कुणाची सोळाव्या आठवड्यापर्यंत. ती अंगात असेतो लसही नीट लागू होत नाही. म्हणूनच पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत, मग दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांपर्यंत. ‘एक इंजेक्शन दिलंय, आता काळजी नाही’ हे सपशेल चूक. रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर. लसीच्या कार्डावर कुपीवरचं लेबल चिकटवलेलं असावं, त्यावर बॅच नंबर आणि मुदत दिसावी, आणि शेजारी पशुवैद्याची सही आणि नोंदणी क्रमांक असावा. नुसत्या बॉलपेनने लिहिलेल्या तारखेला काही किंमत नाही. ही लस दोन ते आठ अंश तापमानात ठेवावी लागते. खिशातून आणून घरीच टोचलेली लस म्हणजे पाणी टोचल्यासारखंच. जंताचं औषध दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी दिलं गेलं पाहिजे.

जनावरांच्या बाजारातून पिल्लू आणू नका. पार्व्हो या जीवघेण्या जुलाबाच्या आजाराचा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने जिवंत राहतो आणि लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात. बाजारात उड्या मारणारं पिल्लू आठवडा भरायच्या आत रक्ताचे जुलाब करत पडतं, आणि तोवर विक्रेत्याचा फोन बंद असतो. आगाऊ पैसे मोबाइलवरून पाठवून ट्रॅव्हल्सच्या डिकीतून पिल्लू मागवण्याचाही हाच शेवट. त्यापेक्षा निपाणी-चिकोडीच्या वाटेने मुधोळ काही फार लांब नाही, दिवसभरात जाऊन येता येतं. मुधोळ तालुक्यातच तिम्मापूरला कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्र आहे. विकत घ्यायचं नसलं तरी चांगली कुत्री एकदा डोळ्यांखालून घालून यावीत, म्हणजे नंतर कुणी काय दाखवतोय ते कळतं.

आई आणि कागद पटले, की मग पिल्लू. सगळी पिल्लं एकत्र खात असताना बघा. ताटलीवर तुटून पडणारं घ्यावं असं म्हणतात, आम्ही म्हणतो मधलं घ्या. सगळ्यांना ढकलणारं पिल्लू नवख्या मालकाला जड जातं, आणि बाजूला बसून राहणारं आजारी असू शकतं. हिरडी गुलाबी हवी. बोटाने दाबून सोडली की दोन सेकंदांत रंग परत यावा. वरचे पुढचे दात खालच्या दातांवर कात्रीसारखे बसावेत. बेंबीजवळ मऊ फुगा लागला तर तो हर्निया. नरात दोन्ही वृषणं हाताला लागतात का ते पाहा. पोट ढोलासारखं आणि बरगड्या उघड्या, म्हणजे जंत. डोळ्यांभोवती, ओठांच्या कडेला केस गेलेले गोल डाग, म्हणजे लुतीची शंका. कानात बघा, बोटांच्या बेचक्यांत बघा, गोचीड तिथेच लपतात. मग पिल्लू जमिनीवर उभं करा आणि पुढच्या पायांकडे नीट बघा. मनगटाचा सांधा गाठीसारखा सुजलेला, पाय बाहेर फाकलेले, पंजे पसरट, हे मुडदूसाचं लक्षण आहे. नुसत्या भाकरी-दुधावर वाढवलेल्या आणि गुळगुळीत फरशीवर कोंडलेल्या पिल्लांत हे हमखास दिसतं, आणि पळणाऱ्या जातीत हा दोष आयुष्यभर भोवतो.

पळण्याची हौस जोखायची तर ससा-कोंबडं लागत नाही. दोन हात दोरीला चिंधी बांधून जमिनीवरून झर्रकन ओढा. चांगलं पिल्लू आधी मान उचलून बघतं, नजर खिळवतं, मग झेपावतं. चिंधी थांबली की बरीच पिल्लं रस सोडतात. जे दोन-तीनदा परत येतं त्याच्यात हौस आहे. मग त्याच्या मागे, त्याला दिसणार नाही असं, स्टीलचं ताट पाडा. दचकलं तर चालेल. दचकून पुन्हा ताटाकडे वास घ्यायला आलं तर ते पिल्लू उचला. अर्धा तास झाला तरी कोपऱ्यातून निघालं नाही तर सोडा. एकाही पिल्लाने कान टवकारले नाहीत तर ऐकू येण्याचीच तपासणी करून घ्या. एकाच वेळची दोन पिल्लं कधीही एकदम घेऊ नका, ती एकमेकांचीच होऊन राहतात, माणसाची होत नाहीत.

चांगला ब्रीडर तुम्हालाच उलटे प्रश्न विचारतो. कंपाउंड किती उंच? सहा फुटांच्या आतलं कारवान हसत ओलांडतो. शेजारी कोंबड्या-शेरडं आहेत का? रात्री कुत्रा कुठे बांधणार? पन्हाळा-शाहूवाडीकडे हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कारण अंगणात साखळीला बांधलेला कुत्रा हे बिबट्यासाठी वाढून ठेवलेलं ताट आहे. वरून जाळी आणि दाराला कडी असलेलं खुराडं आधी बांधा, मग कुत्रा आणा. ‘नाही जमलं तर परत आणा, दुसऱ्याला देऊ नका’ असं जो कागदावर लिहून देतो, त्याच्याकडे चार पैसे जास्त गेले तरी घ्यावं.

घरी आणल्यावर तिसरी लस होईपर्यंत रस्त्यावर, बाजारात, दुसऱ्या कुत्र्यांत नेऊ नका, मात्र उचलून घेऊन माणसं, ट्रॅक्टर, भजनाचा आवाज सगळं दाखवा. चार महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा खाणं, सहा महिन्यांपर्यंत तीनदा, पुढे दोनदा. ज्वारी-मक्याची भाकरी चालते, पण सोबत अंडं किंवा शिजवलेलं चिकन रोज हवं. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यातली उरलेली हाडं देऊ नका. शिजलेलं हाड चिरफळ्या होऊन आतड्यात रुततं, आणि रश्श्यातला कांदा कुत्र्याचं रक्त नासवतो. जेवणानंतर तासभर पळवू नका, खोल छातीच्या कुत्र्याचं पोट फुगून पिळा पडतो. वर्षाचा होईपर्यंत मोटारसायकलमागे बांधून डांबरी रस्त्यावर पळवणं म्हणजे कोवळी हाडं मोडून ठेवणं. शस्त्रक्रियेची वेळ आली तर ‘ग्रेहाउंडसारखाच नजरेवर धावणाऱ्या जातीचा, म्हणजे साइटहाउंड आहे’ असं डॉक्टरांना आधी सांगा, थायोपेंटोनसारख्या भुलीतून ही कुत्री फार उशिरा जागी होतात.

या निमित्ताने पशुसंवर्धन विभागाला एक विनंती. जिल्ह्यात नोंदणी असलेले कुत्र्यांचे ब्रीडर किती आणि कोण, याची यादी तालुक्याच्या प्रत्येक पशुवैद्यकीय दवाखान्यात फळ्यावर लावावी, आणि तिथे चिप वाचायचं एक यंत्र ठेवावं. पिल्लू पसंत पडलं की माणूस ते घेऊन आधी दवाखान्यात येईल, पैसे नंतर मोजेल. आज तो पैसे आधी मोजतो आणि दवाखान्यात आठवड्याने येतो, सलाईन लावायला.

आपले,
कोल्हापूर जिल्ह्यातील काही कारवानपालक